मंगळावरची विज्ञान-प्रेमकथा आणि इंटरसेक्स नायिका: लिहायला बसण्याआधी काय ठरवावं

प्रश्न असा आहे: तीन भागांची मराठी विज्ञान-प्रेमकथा लिहायची आहे. घटना मंगळावरच्या वसाहतीत घडतात आणि नायिका इंटरसेक्स आहे. तिचं हे वेगळेपण वाचकाला केव्हा कळू द्यावं? वैद्यकीय तपशील किती द्यावा? मराठीत शब्द कोणते वापरावेत? आणि तीन भागांना पुरेल एवढं कथानक त्यातून कसं काढावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेक हस्तलिखितं तिथेच फसतात. कथानक तिच्या शरीरातून काढायला गेलात की पहिला भाग ‘तिचं एक गुपित आहे’ यावर चालतो, दुसरा ‘गुपित फुटलं’ यावर, आणि तिसऱ्याला काही उरतच नाही. शरीर हे तिचं रोजचं जगणं आहे, तिच्यासाठी त्यात रहस्य काही नाही. कथानक वेगळ्याच प्रश्नांतून येतं. तिच्या तपासणीची फाइल कुणाच्या ताब्यात आहे? तिच्या शरीराबद्दलचे निर्णय कोण घेतं? औषध कुठून येतं? ज्याच्यावर जीव जडलाय तो किती लांब आहे? या चार प्रश्नांवर तीन भाग सहज उभे राहतात.

त्याआधी एक निर्णय मात्र टाळता येत नाही: तिची घडण नेमकी कोणती? इंटरसेक्स हा एक आजार नाही आणि एक शरीरप्रकारही नाही. गुणसूत्रं, जननग्रंथी (अंडाशय किंवा वृषण), संप्रेरकं (हार्मोन), अवयव यांपैकी कुठेतरी स्त्री किंवा पुरुष या ठरीव व्याख्येत न बसणाऱ्या अनेक जन्मजात घडणींचं ते एकत्र नाव आहे. ‘ती इंटरसेक्स आहे’ एवढं ठरवून लिहायला बसलात तर पाचव्या प्रकरणात तिला पाळी येते, अकराव्यात येत नाही आणि विसाव्यात तिच्याकडे स्त्री-पुरुष दोघांचे पूर्ण चालणारे अवयव असतात. हे शेवटचं माणसात होत नाही. अंडाशय आणि वृषण या दोन्हींच्या पेशी एकाच व्यक्तीत असू शकतात, पण दोन संपूर्ण प्रजननसंस्था नसतात. ‘स्वतःच स्वतःला गर्भवती करणारी’ नायिका म्हणजे भविष्यातलं विज्ञान नव्हे, जुनी भीतीच नव्या वेष्टनात.

नायिकेसाठी तीन घडणी उपयोगी पडतात. मंगळावर प्रत्येकीचा प्रश्न वेगळा होतो, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली, अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम, म्हणजे एआयएसचा पूर्ण प्रकार. गुणसूत्रं एक्सवाय. पोटात किंवा जांघेत वृषण असतात आणि ते टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित बनवतात. पण पेशींमधला जो ग्राहक रेणू हे संप्रेरक ओळखतो, त्याचं जनुक बदललेलं असल्यामुळे शरीराला त्याचा संदेश पोचतच नाही. त्यामुळे जन्मलेलं बाळ सरळ मुलगी दिसतं, मुलगी म्हणून वाढतं. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं अरोमटेझ या विकरामुळे (एन्झाइममुळे) इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक होतं आणि स्तनांची वाढ होते. काखेत आणि जांघेत केस विरळ असतात किंवा नसतातच. गर्भाशय नसतं, म्हणून पाळी येत नाही. योनी असते, पण ती आखूड असू शकते आणि आतल्या बाजूने बंद असते. बहुतेक मुली ‘अजून पाळी का नाही’ म्हणून १५-१६व्या वर्षी सोनोग्राफीच्या टेबलावर पोचतात. काहींचं बाळपणी हार्नियाच्या शस्त्रक्रियेत लक्षात येतं.

दुसरी, सीएएच, म्हणजे कन्जेनायटल ॲड्रीनल हायपरप्लेझिया. इथे गुणसूत्रं एक्सएक्स, अंडाशय आणि गर्भाशय आहेत. पण मूत्रपिंडावरच्या ॲड्रीनल ग्रंथीत एक विकर कमी असल्यामुळे कॉर्टिसॉल पुरेसं बनत नाही, पुरुषी संप्रेरकं जास्त बनतात आणि जन्मतः बाह्य अवयव वेगळे दिसू शकतात. साधारण १५,००० जन्मांत एका बाळाला याचा तीव्र प्रकार असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरातून मीठ निघून जातं. उपचार न झाल्यास पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या, मलूलपणा, रक्तातलं सोडियम खाली, पोटॅशियम वर आणि मृत्यू. मोठेपणी रोज हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरणारं औषध), साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, सोबत शरीरातलं मीठ टिकवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट. उलटी होऊन गोळी पोटात टिकली नाही तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, लगेच.

तिसरी, स्वायर सिंड्रोम. गुणसूत्रं एक्सवाय, पण जननग्रंथी घडल्याच नाहीत, नुसते तंतूंचे पट्टे उरले. गर्भाशय आहे. संप्रेरकं दिल्याशिवाय वयात येणं होत नाही. त्या पट्ट्यांत गाठ होण्याचा धोका खराच मोठा असतो, म्हणून ते काढणं योग्य ठरतं. दान केलेल्या अंडपेशीने मूल होऊ शकतं.

एक आकडा जाता जाता: ‘लोकसंख्येच्या १.७ टक्के’ असं सर्वत्र वाचायला मिळतं. तो २००० साली आलेल्या एका आढाव्यातला आहे आणि त्यात उशिरा लक्षात येणारे, बाहेरून न दिसणारे कितीतरी सौम्य प्रकार धरले आहेत. त्यावर तेव्हापासून वाद आहे. डॉक्टर पात्राच्या तोंडी तो घालू नका. नायिकेच्या घडणीपुरतं बोला.

आता निवड. सीएएचची नायिका थरार देते. औषधाचा डबा हरवला की ४८ तासांची कथा तयार. पण तो थरार दोनदा वापरला की ती नायिका राहत नाही, रुग्ण होते. म्हणून मुख्य नायिकेसाठी एआयएस घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण मंगळच आहे.

हिशेब असा. सूक्ष्म गुरुत्वात अंतराळवीरांच्या कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्के घटते. मंगळाचा प्रवास ६ ते ९ महिन्यांचा. तिथे पोचल्यावर गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. हाडं टिकायची तर इस्ट्रोजेन हवं. एआयएस असलेल्या मुलीच्या जननग्रंथी काढून टाकल्या असतील, तर तिला ते आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं, आणि पृथ्वीवरून मंगळाकडे निघण्याची सोयीची वेळ दर २६ महिन्यांनीच येते. एक खेप चुकली की तिच्या मणक्याचा प्रश्न उभा राहतो. पण ग्रंथी शाबूत असतील तर तिचं शरीर स्वतःच इस्ट्रोजेन बनवतं आणि तिला एकाही गोळीची गरज पडत नाही. म्हणजे ज्याला वसाहतीच्या नियमावलीत ‘दोष’ म्हटलंय, तेच मंगळावर तिला इतरांपेक्षा स्वावलंबी बनवतं. दुसरीकडे डॉक्टरची बाजूही खोटी नाही. वयात येण्याआधी या ग्रंथींत कर्करोगाचा धोका फार कमी असतो, पण प्रौढपणी तो वाढतो. मंगळावर एमआरआय नसेल, तर नियमित लक्ष कसं ठेवणार? ‘निघण्याआधी काढून टाका’ असा नियम करणारा डॉक्टर खलनायक न होता कथेत उभा राहू शकतो. दोन्ही बाजू खऱ्या असलेला असा संघर्ष सहजी हाती लागत नाही. तो वाया घालवू नका.

एआयएसचा दुसरा फायदा म्हणजे कुटुंब. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुष्कळदा आईकडून येतं. म्हणजे वेगळेपण मातुल घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं असू शकतं. तुमची नायिका, समजा रेवा, २०८४ साली २८ वर्षांची आहे. आईचा जन्म २०२८चा, आजीचा २०००चा. आजीची धाकटी बहीण २०१८च्या सुमाराला सांगली-सोलापूरकडे १६ वर्षांची. उंच, नितळ चेहऱ्याची, पाळी न आलेली. तिला ‘गाठ होती, काढली’ एवढंच सांगितलं आणि फाइल कपाटात गेली. पुढे लग्न झालं, मूल झालं नाही, आणि घरादाराने तिला वांझ ठरवलं. ती बोलत राहिली, ऐकत राहिली, पण तिच्याच शरीराचं नाव तिला कुणी सांगितलं नाही. इंटरसेक्स मुलींपासून निदान लपवणं ही जगभरच्या वैद्यकाची खरी, दीर्घकाळ चाललेली रीत होती. रेवाने सतराव्या वर्षी आईच्या त्या मावशीची फाइल वाचली आणि स्वतःच्या ग्रंथी काढू द्यायला नकार दिला, एवढं एक वाक्य तिचा सगळा स्वभाव सांगून जातं. भविष्यकाळातल्या पात्राला आजच्या सांगलीशी जोडायला याहून चांगला धागा नाही.

इतिहास थोडा माहीत हवा, पण पानांवर तो सांडू नये. १९५०च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून एक पद्धत पसरली: बाळाचं लिंग लवकर ठरवा, अवयव दीड-दोन वर्षांच्या आत शस्त्रक्रियेने ‘नीट’ करा आणि कुणाला सांगू नका. त्या शस्त्रक्रियांनी अनेकींची संवेदना गेली. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बोस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर इंटरसेक्स व्यक्तींनी निदर्शनं केली; त्या तारखेला आज इंटरसेक्स जागृती दिवस पाळतात. २०१५ मध्ये माल्टाने संमतीशिवायच्या अशा शस्त्रक्रियांवर कायद्याने बंदी आणली. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०१९च्या निकालात इंटरसेक्स बाळांवरच्या अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने तसा आदेश काढला. तुमच्या वसाहतीला स्वतःचा कायदा लागेल. तो लिहिताना एकच विचारा: मंगळावर जन्मलेल्या बाळाला कोणत्या देशाचा कायदा लागू? तिसऱ्या भागाचं बीज इथे आहे, त्याकडे पुढे येतो.

मैदानावरची दोन उदाहरणंही लक्षात ठेवा, कारण त्यांत फाइल फुटणं म्हणजे काय ते कळतं. स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पाटिन्यो १९८५ मध्ये जपानमधल्या कोबे इथल्या विद्यापीठ क्रीडास्पर्धेत गुणसूत्र चाचणीत अडकली. तिला एआयएस होता. बातमी बाहेर फुटली, आणि परत शर्यतीत उतरायची परवानगी मिळवायला १९८८ उजाडलं. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं ८०० मीटरचं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं गेलं. या स्त्रियांचं दुःख कथेसाठी उचलून वापरू नका. घ्यायची ती यंत्रणेची चाल: चाचणी कोण करतं, अहवाल आधी कुणाला मिळतो, तो बाहेर कसा जातो, आणि जिच्याबद्दल तो आहे तिला सगळ्यात शेवटी कसं कळतं.

वाचकाला केव्हा सांगावं? लवकर. पहिल्या तीस पानांच्या आत, रेवाच्याच नजरेतून आणि एखाद्या सामान्य कामाच्या ओघात. उदाहरणार्थ, यानात चढताना औषधांची यादी भरायची आहे. सहकारिणी पाळी थांबवणाऱ्या गोळ्यांचा दोन वर्षांचा साठा मोजतेय आणि रेवा त्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिते. मग सहा-सात ओळींत कारण. नायकाला केव्हा कळावं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो निर्णय रेवाचा असला पाहिजे, कथानकाचा नव्हे. चुंबनाच्या किंवा शय्येच्या प्रसंगात ‘उघड होणं’ कधीही लिहू नका. त्यात ती फसवणारी ठरते आणि तो फसलेला, वाचकाची सहानुभूती नकळत त्याच्याकडे जाते, आणि मग पुढची शंभर पानं तिने माफी मागण्यात जातात.

नायकाच्या तोंडी येणाऱ्या एका शब्दावर मात्र कायम लक्ष ठेवा. तो शब्द म्हणजे ‘तरीही’. ‘तरीही माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य लिहिताना लेखकाला उदात्त वाटतं. वाचणाऱ्या इंटरसेक्स मुलीला त्यात स्वतःची किंमत कमी केलेली दिसते. नायक दयाळू असून भागत नाही, त्याला ती हवी असली पाहिजे. तिचं हसणं, तिचं गणित, वाऱ्याच्या दाबाचा आकडा तोंडी सांगण्याची तिची सवय हवी असली पाहिजे. पडताळून पाहायला सोपी रीत आहे: प्रकरणातून तिच्या शरीराबद्दलची सगळी वाक्यं खोडा. उरलेल्या मजकुरात दोघांचं प्रेम टिकत असेल तर प्रकरण जमलं. नसेल तर तुम्ही प्रेमकथा लिहिलेली नाही, परिचयपत्रक लिहिलंय.

या प्रेमाला मंगळ काय देतो ते वापरा. पृथ्वी-मंगळ संदेशाला एका दिशेने ३ ते २२ मिनिटं लागतात. १८ मिनिटांच्या अंतरावर ‘ऐकतेस ना?’ विचारलं तर ‘हो’ यायला ३६ मिनिटं. तिथे संवाद लिहिताच येत नाही, पत्रं लिहावी लागतात. मराठी प्रेमकथेला पत्राची सवय जुनी आहे, तिचा फायदा घ्या. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा ३९ मिनिटं ३५ सेकंदांनी मोठा. त्यामुळे दोघांच्या रात्री रोज सरकतात आणि साधारण ३६ दिवसांनी पुन्हा जुळतात. दर २६ महिन्यांनी सूर्य मध्ये येतो आणि जवळपास दोन आठवडे संपर्क भरवशाचा राहत नाही. ज्या दिवशी दोघांचं बिनसतं त्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्य आड आला, तर त्या पंधरवड्याचं एक अख्खं प्रकरण होतं, आणि त्यासाठी एकही कृत्रिम गैरसमज लागत नाही.

शरीराच्या जवळिकीचे प्रसंग. पात्रं प्रौढच असावीत हे सांगायला नकोच. बाळपणीच्या किंवा पंधराव्या-सोळाव्या वर्षीच्या तपासणीच्या आठवणी लिहिताना नजर शरीरावर नेऊ नका. छताचा पंखा, थंड जेली, दाराशी उभे असलेले विद्यार्थी, पडद्यापलीकडे आईचा आवाज एवढं पुरतं, आणि तेच अधिक खरं असतं. प्रौढ प्रसंगांत दोन चुका नेहमी होतात. एकीत तिचं शरीर इतकं वेगळं रंगवतात की ते प्रदर्शन होतं. दुसरीत सगळं अस्पष्ट ठेवतात, जणू लाजिरवाणं काही असावं. मध्यममार्ग साधा आहे. तिला कुठे दुखू शकतं, काय आवडतं आणि काय नको हे तिला माहीत आहे, ती ते बोलते, तो ऐकतो आणि थांबायचं तिथे थांबतो. योनी आखूड असणं ही काही मुलींची वस्तुस्थिती आहे; तिच्यावर रोजच्या सरावाचे उपाय असतात, तशीच घाई न करणारी जोडपीही असतात. सुख फक्त एकाच कृतीत असतं हे गृहीत धरलं नाही की प्रसंग आपोआप मोकळा होतो.

आता भाषा. यात मराठी लेखकाची सगळ्यात जास्त कसरत होते आणि सगळ्यात सुंदर गोष्टीही इथेच सापडतात.

निवेदनात ‘इंटरसेक्स’ हाच शब्द ठेवा. ‘उभयलिंगी’ टाळा. तो शाळेच्या पुस्तकात गांडुळाला आणि जास्वंदीला लागतो, आणि हल्ली स्त्री-पुरुष दोघांविषयी आकर्षण असलेल्यांसाठीही वापरला जातो. ‘तृतीयपंथी’ ही वेगळी ओळख आणि वेगळा समाज आहे, रेवा त्यातली नाही. भारताच्या २०१९च्या कायद्याने इंटरसेक्स व्यक्तींना ट्रान्सजेंडर या व्याख्येतच धरलंय, त्यामुळे हा गोंधळ वाचकाच्या मनात असणारच. पण अर्जात तीन रकाने दिले तर रेवा ‘स्त्री’वरच खूण करते, कारण ती स्त्री आहे. हा अर्ध्या पानाचा प्रसंग दहा पानांच्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त सांगतो. ‘विकृती’, ‘व्यंग’, ‘दोष’ हे शब्द जुन्या डॉक्टर पात्राच्या किंवा नियमावलीच्या तोंडी चालतील, निवेदकाच्या कधीच नाही. शिवी लागलीच तर संपूर्ण मालिकेत एकदा, आणि ती देणाऱ्याला पुढच्या पानावर मोकळं सोडू नका. वृषण हा शब्द डॉक्टर वापरेल, रेवा स्वतःशी विचार करताना ‘ग्रंथी’ म्हणेल. अर्धनारीश्वर, शिखंडी, बृहन्नडा यांना शीर्षकात किंवा उपमेत ओढू नका. ती रूपकं वेगळ्या गोष्टींची आहेत आणि त्यांनी रेवा माणूस न राहता प्रतीक होते.

क्रियापदांकडे वळू. मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतून बाहेर पडता येत नाही, आणि विज्ञानकथेला यात मोठा ऐवज आहे. अशी कल्पना करा: वसाहतीत सगळे आपापल्या भाषेत बोलतात आणि यंत्र भाषांतर करतं. इंग्रजीत किंवा तुर्कीत क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग दाखवत नाही, मराठीत दाखवतं. मग यंत्र ते कुठून आणतं? वैद्यकीय फाइलमधून. तिथे ‘एक्सवाय’ लिहिलंय. म्हणून रेवाचे इंग्रजीतले अधिकृत संदेश मराठीत ‘मी पोचलो, मी निघालो, मी थकलो’ असे उमटतात. कुणीही काहीही फोडलेलं नाही, व्याकरणानेच फाइल फोडली. मालवाहू यानाचा दिशादर्शक मल्हार तिला आधी त्या संदेशांतून ओळखतो, नंतर तिच्या खऱ्या आवाजातल्या मराठीतून. तक्रार त्याने परस्पर करायची नाही. तो तिला विचारतो, ‘हे दुरुस्त करून हवंय का?’ आणि ती म्हणते, ‘मीच करणार आहे.’ पहिल्या भागाचा अर्धा डोलारा यावर उभा राहू शकतो.

बोलींतही शिकण्यासारखं आहे. कोल्हापूरकडे बायका सहज ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी आहे, गोव्यात तरुण मुलीविषयी ‘तें’ म्हणणं रोजचं आहे. वसाहतीतली एखादी कोल्हापूरची इंजिनियर यंत्राच्या ‘मी थकलो’वर म्हणेल, ‘मग काय झालं, मी पण असंच बोलतो की.’ रेवाला हसू येईल, आणि तरी फरक तिला माहीत असेल: कोल्हापूरची बाई स्वतः तसं बोलते, रेवाच्या तोंडी ते कुणीतरी घातलंय. आणखी एक देणगी म्हणजे ‘बाळ’, ‘मूल’, ‘लेकरू’ हे शब्द मुळातच नपुंसकलिंगी आहेत. जन्माचा प्रसंग कितीही लांबवा, ‘ते रडलं, ते निजलं’ यात काहीच खटकत नाही. खटकतं ते बाहेरून कुणी ‘मुलगा की मुलगी?’ विचारतं तेव्हा. तिसऱ्या भागात हे हाताशी ठेवा.

मालिकेची रचना. प्रेमकथांच्या मालिका दोन तऱ्हेच्या असतात: प्रत्येक भागात नवी जोडी, किंवा तिन्ही भागांत एकच जोडी. तुमच्यासाठी दुसरी योग्य, पण प्रत्येक भागाच्या शेवटी दोघांचं नातं कुठल्यातरी मुक्कामाला पोचलं पाहिजे. टांगून ठेवलेला शेवट प्रेमकथेचा वाचक सहन करत नाही. दिवाळी अंकांनी मराठी विज्ञानकथेला लघुकथेची सवय लावली आहे, त्यामुळे एका कल्पनेवर भाग संपवण्याचा मोह होईल. कादंबरीला कल्पनेइतकीच माणसांची वाढ लागते. एक भाग ६० ते ६५ हजार शब्दांचा धरा. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन वाचनमंचावर क्रमशः देणार असाल तर साधारण १,४०० शब्दांचे ४५ हप्ते होतात, आणि दर हप्त्याला दोघांपैकी एकाने काहीतरी ठरवलं पाहिजे.

पहिला भाग: प्रवास, भाषांतर यंत्राची लढाई आणि ‘ग्रंथी काढा’ हा नियम. शेवटी रेवा ठरावीक काळाने सोनोग्राफीच्या अटीवर ग्रंथी राखते आणि मल्हार पुढच्या खेपेला परतण्याचं वचन देऊन जातो. दुसरा भाग: दुरावा. मल्हार पृथ्वीवर आपल्या बहिणीला, अगदी चांगल्या हेतूने, रेवाबद्दल सांगून बसतो. बहीण सज्जन आहे, बातमी कुठेही फुटत नाही, तरी रेवाचा विश्वास तुटतो, कारण सांगायचा हक्क तिचा होता. मग सूर्य आड येतो. या भागात खलनायकाची गरजच नाही. तिसरा भाग: वसाहतीत एक बाळ जन्मतं, सीएएच असलेलं. आईबापांवर दोन निर्णय एकदम लादले जातात, औषध आणि शस्त्रक्रिया. रेवा डॉक्टर नाही, नातलग नाही. पण हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे तिला दिसतं. हायड्रोकॉर्टिसोनशिवाय बाळ दुसऱ्या आठवड्यात जाईल. शस्त्रक्रिया मात्र बाळ मोठं होऊन स्वतः बोलेपर्यंत थांबू शकते. वसाहतीत आहेत त्या मोठ्यांच्या गोळ्या. त्या कुटून, तोलून काही मिलिग्रॅमच्या पुड्या करायच्या, दुधातून मीठ द्यायचं, आणि रक्तातल्या सोडियमवर डोळा ठेवायचा. मल्हारच्या यानात औषध आहे आणि ते अकरा दिवसांच्या अंतरावर आहे. थरारही आला, प्रेमही आलं, आणि रेवाच्या आईच्या मावशीला जे मिळालं नाही ते एका बाळाला मिळतं.

भविष्यातलं तंत्रज्ञान कितपत सर्वशक्तिमान आहे हे पहिल्याच दिवशी नोंदवहीत लिहून ठेवा. शरीर हवं तसं बदलणारी यंत्रशय्या तुमच्या जगात असेल, तर रेवाने ती का वापरली नाही हे वाचक विचारणारच. ‘तिला बदलायचं नव्हतं’ हे उत्तर पुरेसं आहे, पण ते आधी पेरलेलं हवं. तिचं वेगळेपण परग्रहवासीयांच्या जनुकांमुळे आलं असं दाखवू नका. जे माणसांत आहेच ते परकं ठरतं. आणि शेवटी चमत्काराने गर्भ राहू देऊ नका. आपल्याकडच्या मालिका पाळण्यापाशी संपतात, वाचक तसा दबाव आणतीलही. पूर्ण एआयएसमध्ये गर्भाशय नसतं. तो चमत्कार घडवलात तर आधीची तीनशे पानं खोटी पडतात. दत्तक मूल हा एक मार्ग आहे, पण भरपाई म्हणून तोही नको. दोघंच राहिलेल्या जोडप्याचं सुख पानभर नीट लिहा: सकाळचा चहा, हरितगृहातली मेथी, सरकत सरकत पुन्हा जुळलेली रात्र.

नोंदवहीत प्रत्येक भागासाठी एवढं हवंच: रेवाचं वय, उंची, ग्रंथींची शेवटची तपासणी कधी झाली, हाडांच्या घनतेचा आकडा, तिचं वेगळेपण कुणाला माहीत आहे आणि ते कुणाकडून कळलं, त्या दिवशीचं पृथ्वी-मंगळ अंतर. ‘कुणाला माहीत आहे’ हा रकाना सगळ्यात जास्त चुकतो. दुसऱ्या भागात ज्याला माहीत नसायला हवं ते पात्र बेधडक बोलून जातं आणि संपादकाच्याही नजरेतून निसटतं.

पहिला खर्डा झाल्यावर दोन वाचक लागतात. एक बालसंप्रेरकतज्ज्ञ, त्यांना फक्त वैद्यकीय प्रकरणं द्या आणि डोस, कालावधी, लक्षणं तपासून घ्या. दुसरी, एआयएस असलेली प्रौढ व्यक्ती. तिला निवडक प्रसंग न देता संपूर्ण भाग द्या, कारण खटकणारी जागा बहुधा जिथे लेखकाला शंका आली नव्हती तिथेच असते. मोबदला आधी ठरवा, नाव छापायचं की नाही ते तिला विचारा, आणि तिच्या आयुष्यातला प्रसंग तिच्या लेखी परवानगीशिवाय कथेत घेऊ नका. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणणं सोपं जातं. ‘कुठे वाचन थांबवावंसं वाटलं?’ असं विचारा, आणि जिथे ती बोट ठेवेल ते पान पुन्हा लिहायला किमान महिनाभर हाताशी ठेवून मगच पहिल्या हप्त्याची तारीख जाहीर करा.